आधी भार उतरवा, मग पंखा लावा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला उष्णतेविषयी बोलायला विज्ञानशाखेची परवानगी लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की इथे प्रत्येक जण त्या विषयातला जाणकार होतो.

आमच्यापैकी काही जणांना रिमोटवर चालणाऱ्या छोट्या मोटारींचा नाद आहे. या गाडीत बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये काडेपेटीएवढी एक डबी असते. मुले तिला ‘ईएससी’ म्हणतात. आपण वेगनियंत्रक म्हणू. रिमोटचा घोडा जितका दाबावा तितकी वीज ती मोटरला पोहोचवते. त्यासाठी तिच्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडतात आणि मिटतात. या खटाटोपात थोडी वीज वाया जाते आणि तिची उष्णता होते. डबी फार तापली की आतली संरक्षक व्यवस्था गाडी थांबवते. तशी व्यवस्था नसेल, तर कित्येक महिने खर्चातून वाचवलेल्या पैशांचा क्षणात धूर होतो.

यावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो : मोठा पंखा लावा. माझे मत असे की, आपल्या मुलखात हा उपाय पहिला नव्हे, शेवटचा आहे. पंखा थंडावा निर्माण करीत नाही; तो फक्त डबीवरची हवा बदलतो. समजा, डबीवरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या ८५ अंशांपर्यंत तापल्या आहेत. बाहेरची हवा २५ अंश असेल तर फरक ६० अंशांचा. हवा ४५ अंश असेल तर फरक उरतो ४० अंशांचा. म्हणजे तोच पंखा, त्याच पट्ट्या, पण वाहून जाणारी उष्णता सुमारे दोन-तृतीयांश! त्यात कोळशाची बारीक धूळ पट्ट्यांवर बसली की तेवढाही लाभ राहत नाही.

म्हणून उष्णता घालवण्याआधी ती कमी निर्माण होईल हे पाहिले पाहिजे. प्रवाह दुप्पट झाला तर रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते. तेव्हा प्रवाह कमी, तर ताप कमी. मोटरच्या दांड्यावरचे पिनियन एक-दोन दाते लहान घ्यावे. वेग थोडा घटेल, पण डबी वाचेल. दोन सेलांऐवजी तीन सेलांची बॅटरी लावणाऱ्याने तर हे विसरूच नये, आणि डबीला तेवढे सेल चालतात की नाही हेही आधी पाहावे. चाके हाताने सहज फिरतात ना, हे तपासावे. उंच गवतात आणि वाळूत गाडी रेटू नये. गाडीच्या टपाला मागच्या बाजूने भोक ठेवावे, कारण हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आत तरी कशी शिरणार? गाडी सकाळी चालवावी आणि एक बॅटरी संपली की तिला सावलीत विसावा द्यावा. एवढे करूनही डबी तापली, तर मग खुशाल पंखा लावावा.

हे शहाणपण नवे नाही. आपल्या जंगलात तेंदूपत्ता तोडणारी माणसे पहाटेच निघतात आणि ऊन चढण्याआधी घराकडे वळतात. पुडे बांधण्याचे काम सावलीत होते. उन्हाशी झुंजण्यापेक्षा कामाची वेळ बदलणे त्यांना कळले आहे. उलट आपले महाऔष्णिक वीज केंद्र पाहा. एवढे अवाढव्य, पण २०१०च्या उन्हाळ्यात इरई धरणातले पाणी आटले आणि त्याचे संच बंद ठेवावे लागले. थंड करण्याच्या साधनांनाही मर्यादा असते, हाच त्याचा अर्थ.

कुणी म्हणेल, खेळण्यासाठी एवढा विचार कशाला? मित्रहो, खेळण्यातली हीच डबी मोठ्या रूपात आपल्या गावातल्या ई-रिक्षात बसवलेली असते. तिथे ती जळाली तर कुणाचा खेळ मोडत नाही, एका घराची त्या दिवसाची चूल अडते. दुरुस्तीचा खर्च वेगळाच. ई-रिक्षात चालकाशिवाय चार प्रवासी, असा नियम आहे. दुपारी महाविद्यालय सुटल्यावर त्याच रिक्षात आपण सहा जण कोंबून बसतो, आणि चढावर ती अडली की चालकालाच बोल लावतो. चालक नको म्हणत नाही, कारण त्याला दोन भाडी सोडणे परवडत नाही. पण आपल्याला पाच मिनिटे थांबणे परवडते. पंखा विकत घ्यावा लागतो. भार कमी करायला मात्र पैसा लागत नाही. उद्या फाटकाबाहेर भरलेली रिक्षा दिसली, तर पाचव्याने चढू नये, पुढच्या रिक्षाची वाट पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.