शिकवणी मराठीत, पेपर इंग्रजीत

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत उच्च शिक्षणाचे माध्यम वर्गात एक आणि उत्तरपत्रिकेत दुसरे असते. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय काय किंवा शिवळ्याचे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय काय, दोन्ही मुंबई विद्यापीठाची. कला शाखेला मराठीत पेपर लिहिता येतो, विज्ञानाला नाही. इथली बरीच मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतून किंवा आश्रमशाळेतून आलेली. ठाकूर, कातकरी, वारली घरांतल्या मुलांना तर पुस्तकी मराठीही शाळेतच भेटते. त्यांनी अकरावी सायन्स घेतले की पुस्तके एकदम इंग्रजी.

वर्गात यावर व्यवहारी तोड निघते. सर फळ्यावर समीकरण मांडतात, कोणता बंध का तुटतो ते मराठीत सांगतात आणि तासाच्या शेवटी इंग्रजी नोट्स उतरवून देतात. त्या नोट्स तशाच पाठ होतात. मग तोंडी परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला, की प्रयोग स्वतःच्या हाताने नीट केलेला मुलगाही गप्प बसतो. शिक्षकांना बोल लावण्यात अर्थ नाही. निव्वळ इंग्रजीत शिकवले तर सगळेच डोक्यावरून जाईल.

मराठीला हे विषय पेलत नाहीत, ही समजूत इतिहासाला धरून नाही. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या संस्थेत १८२३ पासून अभियांत्रिकी मराठी-गुजरातीत शिकवली जात होती; १८२६ मध्ये मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळाही निघाली. दोन्ही १८३२ मध्ये बंद पडल्या. पुढे शिक्षण मंडळात जगन्नाथ शंकरशेट आणि जर्व्हिस मातृभाषेच्या बाजूने भांडले, पण अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा इंग्रजीचा आग्रह वरचढ ठरला. १८५७ चे मुंबई विद्यापीठ त्याच वाटेने गेले. २०२१ मध्ये मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा तसा वर्ग काढलाही.

तरी सगळेच मराठीत आणा, असे म्हणणे सोपे नाही. नोकरी ठाण्या-मुंबईत, संशोधन इंग्रजीत आणि पदवीच्या वरच्या वर्गांना मराठी संदर्भग्रंथ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पालकांची इंग्रजीची ओढ हौसेची नाही. विज्ञानाची प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत काढणे, संज्ञा इंग्रजी ठेवून वाक्ये मराठीत लिहू देणे आणि पहिल्या वर्षी इंग्रजी भाषा म्हणून नीट शिकवणे, एवढे मात्र विद्यापीठाला आजही जमण्यासारखे आहे. अडचण परीक्षकांची येईल: मुंबईसारख्या बहुभाषी शहरातल्या विद्यापीठात पेपर तपासणाऱ्या सगळ्यांनाच मराठी वाचता येते असे नाही, त्यामुळे या उत्तरपत्रिका वेगळ्या काढाव्या लागतील.