टेप स्वस्त, पण वाचणार कशावर?

मंडळी, परवा पुतण्याचा फोन. घरातले फोटो, लग्नाच्या चित्रफिती, सगळं टेपवर साठवायचं म्हणे. "काका, एलटीओ-६ चा जुना ड्राइव्ह स्वस्तात मिळतोय, घेऊ?" म्हटलं, थांब.

टेपशी माझं वैर नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये हजारो लोकांची जीमेलवरची पत्रं गायब झाली, ती गूगलने टेपवरूनच परत आणली. आणि २१ जून २०१२ ला मंत्रालय जळालं, तेव्हा ज्या फायलींची दुसरी प्रत नव्हती त्या गेल्याच.

पण सगळे टेपचा भाव विचारतात, ड्राइव्हचं पुढे काय, हे कोणी विचारत नाही. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत. आठव्याने एकच पिढी ठेवली. २०२५ मध्ये आलेला दहावा तर नवव्याचीही टेप वाचत नाही! म्हणजे हा जुना ड्राइव्ह मोडला की पुन्हा भंगारात सहावा किंवा सातवाच शोधत फिरा. ही कसली बचत?

शिवाय इथे मासवणला, सूर्येच्या काठी, आषाढात चपलांनासुद्धा बुरशी येते. (माझ्या जुन्या कॅसेटींचं काय झालं ते घरच्यांना ठाऊक आहे.)

तुझ्या काकूचा आवाज एकाच चित्रफितीत आहे रे. दोन हार्डडिस्क घे, एक बोईसरला तुझ्याकडे, एक इथे. टेपच हवी असेल तर विक्रेत्याला म्हणावं, या ड्राइव्हवर एक टेप भर आणि दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून दाखव. तोवर ती चित्रफीत मी देणार नाही.