नैराश्य मनाचे की प्रयोगशाळेचे?

डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आपल्या वसतिगृहांतील छताचे पंखे उतरविण्यास आरंभ केला. त्या वर्षी झालेल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी संस्था हादरली होती, आणि योजलेल्या उपायांपैकी हा एक होता. साधन हाताशी नसले तर तो घातक क्षण टळू शकतो, असे मानसवैद्यक सांगते. तेव्हा या उपायाची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु खोलीतील पंखा बदलणे सोपे असते, प्रयोगशाळेतील संबंध बदलणे कठीण असते. आणि आपल्या देशातील विज्ञानसंस्थांचे कारभारी सोप्यापाशी थांबतात, हा खरा आक्षेप आहे.

संशोधक विद्यार्थ्याच्या नैराश्याविषयी अधिकृत वर्तुळात जे बोलले जाते, त्याचा मथितार्थ एवढाच की, या पिढीचे मन हळवे आहे, तिला अपयश पचत नाही. मग समुपदेशक नेमा, योगवर्ग भरवा, ध्यानधारणेचे शिबिर घ्या. समुपदेशक हवाच, आजारी माणसाला वैद्य नाकारणे हा क्रूरपणा होईल. पण ज्या गिरणीत कापसाच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होतात, तेथे केवळ खोकल्याचे औषध वाटणाऱ्या मालकाला चळवळीने कधी दयाळू म्हटलेले नाही.

बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतातील ३,६५९ पीएच.डी. संशोधकांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश संशोधक मानसिक विकाराच्या, विशेषतः नैराश्याच्या, धोक्यात असल्याचे आढळले. संशोधनाबाहेरच्या उच्चशिक्षितांपेक्षा हे प्रमाण बरेच अधिक होते. त्याहून महत्त्वाचे असे की, या धोक्याचा संबंध कामाचा बोजा, कामावर स्वतःचे नियंत्रण किती, मार्गदर्शकाची वागणूक कशी आणि निर्णय कोण घेतो, या गोष्टींशी दिसून आला. हे सारे श्रमाच्या संघटनेचे प्रश्न आहेत. जेथे महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात तेथली ही अवस्था. जेथे ते मिळतील याची शाश्वती नाही तेथली अवस्था काय असेल, हे सांगावयास नको.

भारतातील विज्ञानसंशोधक हा विद्यार्थी आहे की श्रमिक? तो उपकरणे चालवितो, रसायनांच्या वाफेत दिवसाचे दहा-बारा तास काढतो, नव्या विद्यार्थ्यांना शिकवितो, प्रकल्पाचे अहवाल लिहितो, क्वचित मार्गदर्शकाच्या घरची कामेही करतो. त्याच्या शोधनिबंधांवर मार्गदर्शकाची बढती आणि राष्ट्रीय मानांकनातील संस्थेचा क्रमांक अवलंबून असतो. पण त्याने रजा, कामाचे तास वा भविष्यनिर्वाह निधी हे शब्द उच्चारले की त्याला तत्काळ आठवण करून दिली जाते की तो विद्यार्थी आहे. काम घेताना श्रमिक आणि हक्क देताना विद्यार्थी, अशी ही सोयीस्कर दुहेरी व्याख्या आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही एकच गिऱ्हाईक असलेली श्रमाची बाजारपेठ होय. कामगार एक कारखाना सोडून दुसरीकडे जाऊ शकतो, निदान तसा विचार करू शकतो. संशोधक चौथ्या वर्षी मार्गदर्शक बदलू पाहील तर त्याची चार वर्षे मातीमोल होतात. विद्यावेतन चालू ठेवण्यास त्याच मार्गदर्शकाची अनुकूलता लागते, प्रबंध सादर करण्यास त्याचीच संमती, आणि पुढील नोकरीसाठी त्याचेच शिफारसपत्र. विज्ञानात प्रयोग फसणे हा रोजचाच धर्म आहे, त्याने कोणी खचत नाही. प्रयोग फसल्यावर ज्याच्यापुढे उभे राहायचे त्याच्या मुठीत सारे आयुष्य आहे, या जाणिवेने माणूस खचतो. सगळे मार्गदर्शक जुलमी नसतात, अनेक जण स्वतःच्या खिशातून विद्यार्थ्याची नड भागवितात. पण दयाळू सरंजामदार होते म्हणून सरंजामशाही टिकवावी, असे कोणी म्हणत नाही.

आता पैशाकडे वळू. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०१४ साली दरमहा २५,००० रुपये झाली, २०१९ च्या जानेवारीपासून ३१,००० आणि २०२३ च्या जानेवारीपासून ३७,०००. २०१९ ची वाढही देशभरच्या संशोधकांनी रस्त्यावर उतरून मिळविली. दोन वाढींमध्ये सुमारे चार वर्षे आकडा गोठलेला असतो, महागाई मात्र गोठत नाही. त्याच केंद्रीय संस्थेतील प्राध्यापकाचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो. एकाच छताखाली, एकाच टेबलापाशी हे दोन न्याय चालतात. केंद्रीय विद्यापीठांत नेट-बाह्य संशोधकाला तर दरमहा ८,००० रुपयेच मिळत आले. ते बंद करण्याचा घाट २०१५ साली घातला गेला तेव्हा विद्यार्थ्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दारात ठिय्या द्यावा लागला.

आणि ही रक्कमही वेळेवर येत नाही. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला या संशोधकाने मृत्यूला कवटाळले. निलंबन, वसतिगृहातून बाहेर काढले जाणे, त्यामागील जातीय अवहेलना आणि राजकारण यांविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच होते. परंतु त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या अधिछात्रवृत्तीचा, एक लाख पंचाहत्तर हजार रुपयांचा, हिशेबही होता. जगाचा निरोप घेताना ज्याला आपले येणे मांडावे लागते, त्याच्या मृत्यूची चर्चा केवळ मनोविकाराच्या परिभाषेत करणे ही अप्रामाणिकता आहे. घरून पैसे मागवू शकणाऱ्यासाठी सात महिने ही गैरसोय असते. दलित, आदिवासी, शेतमजुराच्या मुलासाठी ती उपासमार असते, आणि वर घरी पाठवावयाचे पैसे थांबल्याची लाज.

महाराष्ट्राने यात मागे राहू नये, याची राज्यकर्त्यांनी काळजी घेतली आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या संशोधकांना २०२३ व २०२४ साली हक्काच्या अधिछात्रवृत्तीसाठी आंदोलने करावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत, तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, असा सवाल केला. पुढे दिलगिरी व्यक्त झाली. पण मनातले एकदा बाहेर पडले ते पडलेच. ज्या राज्यात प्राध्यापकांच्या असंख्य जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर उच्चविद्याविभूषितांना राबविले जाते, तेथे दिवे लागावेत कोठे? प्रबंध पुरा झाल्यावर पुढे अंधारच आहे हे दिसत असताना उमेद टिकविण्याची जबाबदारी मात्र एकट्या विद्यार्थ्याच्या मनावर.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा विचार करण्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले, हे स्वागतार्ह आहे. पण न्यायालयाच्या भरवशावर स्वस्थ बसणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. खरे तर या बाबतीत डाव्या चळवळीचाही दोष आहे. विज्ञानशाखेचा संशोधक म्हणजे उद्या परदेशी जाणारा सुखवस्तू, अशी समजूत करून घेऊन तिने प्रयोगशाळांकडे पाठ फिरविली. भोजनगृहाच्या दरवाढीवर मोर्चे निघाले, परंतु मार्गदर्शकाच्या दालनात काय चालते याची विचारपूस कोणी केली नाही. विद्यावेतन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळावे, ते महागाई निर्देशांकाशी बांधलेले असावे, एका मार्गदर्शकाऐवजी समितीच्या हाती संशोधनाचे भवितव्य असावे, गेलेली वर्षे न गमावता मार्गदर्शक बदलता यावा आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत संशोधकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत, या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. कोणत्याही कामगार संघटनेच्या मागणीपत्रात त्या शोभल्या असत्या.

या कामाला विद्यापीठाच्या फाटकावरील सभा पुरणार नाही. रात्री दहा-अकराला प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्याला चहाच्या टपरीवर गाठावे लागेल, आणि त्याची प्रकृती विचारण्याआधी हे विचारावे लागेल की, विद्यावेतन कोणत्या महिन्यापर्यंतचे मिळाले आहे.