गिरणीच्या आवारातला हार्डकोर

पंक संगीताची 1980च्या सुमारास अमेरिकेत फुटलेली अधिक वेगवान आणि आक्रमक शाखा म्हणजे हार्डकोर. मिनिट-दोन मिनिटांची गाणी, ओरडून म्हटलेले शब्द आणि मंचावरून श्रोत्यांपुढे धरलेला माइक ही तिची लक्षणे असून, मुंबईत तिने धरलेले मूळ हा या अंकाचा विषय आहे.

शांतता क्षेत्राच्या नियमामुळे धोबी तलावच्या ‘रंगभवन’ या खुल्या रंगमंचावरून रॉक हद्दपार झाला, त्यानंतरच्या काळात ‘स्क्राइब’ हा बँड पुढे आला. हार्डकोर आणि मेटल यांची सांगड घालणाऱ्या या बँडने ‘मार्क ऑफ तेजा’ (2010) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (2014) या अल्बमांची नावे हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांवरून घेतली. परक्या प्रकाराला इथली बोली देणारे हे काम आमच्या मते निव्वळ अनुकरण नव्हे.

याच काळात लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातले ‘ब्लू फ्रॉग’ हे थेट संगीताचे ठिकाण 2007 साली सुरू झाले आणि 2016 साली बंद पडले. याच गिरणगावात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारांसमोर शाहिरी गाजवली होती. मात्र ती चळवळीची कला होती आणि हार्डकोरचा श्रोता बहुधा इंग्रजी शिकलेला तरुण, त्यामुळे दोहोंचे नाते ताणून जोडणे या अंकाने टाळले आहे.

जागा बंद पडल्या की त्यांचा इतिहासही विखुरतो, म्हणूनच ही नोंद आजच व्हायला हवी. ज्या वाचकांकडे जुनी तिकिटे, भित्तिपत्रके वा ध्वनिमुद्रणे असतील, त्यांनी ती आमच्याकडे अवश्य पाठवावीत.