लायका एम८ घेताय? मग लेन्स २८ची की २४ची?

जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांची क्रेझ परत आलीय आणि काहीजण थेट २००६चा लायका एम८ सेकंडहँड शोधतायत. बॉडी मिळते, घोळ होतो लेन्सपाशी.

एम८चा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान, क्रॉप १.३३ पट. म्हणजे ३५ मिमीची लेन्स लावली की दिसतं ४७सारखं. गल्लीत फोटो काढायला ते अडचणीचं. २८ची होते ३७, २४ची ३२. (फोनचा मेन कॅमेरा साधारण २४ ते २६ असतो, त्यामुळे सुरुवातीला दोन्ही जवळच्याच वाटतील.)

मग सरळ २१ घ्यायची? थांबा. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही. वेगळ्या खिडकीत दिसणाऱ्या चौकटीवरून अंदाज घ्यायचा. एम८मध्ये २४पेक्षा रुंद चौकटच नाही, म्हणजे २१साठी वरून वेगळा व्ह्यूफाइंडर बसवा. चष्मा असेल तर २४ची चौकटही कडेला धड दिसत नाही. माझं मत २८.

आणि एम८ला इन्फ्रारेड जरा जास्तच दिसतं, काळं सिंथेटिक जॅकेट जांभळं येतं. आयआर-कट फिल्टर हवाच. पण रुंद लेन्सवर तो लावला की कोपरे निळसर पडतात. कॅमेरा ते सुधारतो, पण त्यासाठी लेन्स ओळखावी लागते. म्हणून जुनी २८ घेताना माउंटवर ६-बिट कोडचे काळे-पांढरे ठिपके आहेत का, ते आधी बघा.