क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही! वॉरंटीत बसतं का?

गाडी घेऊन चौदा महिने झालेले, रनिंग २३ हजार किलोमीटर. काका खंबाटकी घाट चढत होते. ट्रॅफिकमध्ये थांबले, क्लच दाबला आणि पेडल जे खाली गेलं ते वर आलंच नाही. गिअर पडेना, मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न सुरू. शेवटी क्रेनवर गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. तिथल्या अ‍ॅडव्हायझरने बॉनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "सर, क्लच वॉरंटीत येत नाही. वेअर अँड टेअर आहे."

हे वाक्य अर्धं खरं आहे. भांडण होतं ते उरलेल्या अर्ध्यावर.

आपण ज्याला सरसकट 'क्लच' म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे क्लच प्लेट. ती घासूनच काम करते, त्यामुळे झिजणारच. ब्रेक पॅड आणि वायपर ब्लेडसारखीच ती वॉरंटीच्या पुस्तिकेत झिजणाऱ्या भागांच्या यादीत असते. दुसरी म्हणजे पेडलचा जोर प्लेटपर्यंत पोहोचवणारी हायड्रॉलिक यंत्रणा. पेडलजवळ मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडे स्लेव्ह सिलिंडर, मध्ये पाइप आणि त्यात ब्रेक फ्लुइड. (काही छोट्या गाड्यांत अजूनही केबलचा क्लच असतो, तिथे हे प्रकरण लागू नाही.) सिलिंडरमधलं रबरी सील फाटलं की फ्लुइड गळतं, दाब तयार होत नाही आणि पेडल जमिनीला टेकतं. १४ महिन्यांत सील फाटणं याला रोजची झीज म्हणणं जरा जडच जातं.

आपल्या गाडीत नेमकं काय बिघडलं हे बऱ्यापैकी ओळखता येतं. इंजिन नुसतंच ओरडतंय, गाडी ओढत नाही, जळका वास येतोय, तर संशय प्लेटवर. पेडल मऊ पडलंय, दोन-चार वेळा पंप केल्यावर गिअर पडतो, रिव्हर्सला खरखर होते, फ्लुइडची पातळी उतरलीय, तर संशय हायड्रॉलिकवर. अशा वेळी 'घरापर्यंत नेऊ कशीतरी' हा मोह टाळा. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकला फ्लुइडची टाकी एकच असते.

खर्चाचं खरं दुखणं पुढे आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असतो. म्हणजे पार्ट छोटा, पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मोठी. त्यात गळलेलं फ्लुइड प्लेटवर पडलं तर प्लेटही बाद. मग ही प्लेट झिजली की सिलिंडरमुळे मेली? माझ्या मते दुसऱ्या प्रकारात ग्राहकाने पैसे भरायचं कारण नाही, पण ते लेखी मागावं लागतं. आधीच अर्धी झिजलेली प्लेट असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरलाच आहे तोवर स्वतःच्या खर्चाने बदलून घेणं शहाणपणाचं.

कंपनीची बाजूही कधीकधी बरोबर असते. टाकीत चुकीचं तेल पडलं तर सील फुगून खराब होतं. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. सर्व्हिस चुकवली असेल तर दावा लंगडा पडतो.

'बाहेरच्या गॅरेजला गेलात, वॉरंटी संपली' हे मात्र सरसकट मान्य करू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तेव्हा हाही मुद्दा होता. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं आयोगाने म्हटलं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या.

पण म्हणून 'गाडीच बदलून द्या' असा हट्टही टिकेलच असं नाही. मारुती उद्योगच्या एका खटल्यात तक्रार क्लचचीच होती. ग्राहक आयोगाने अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश दिला होता. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला नाही. वॉरंटीत सदोष पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन आहे, गाडी बदलण्याचं नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

म्हणून लढाई पार्टची आणि मजुरीची करा, आणि ती जॉब कार्डपासून सुरू करा. त्यावर 'क्लच प्रॉब्लेम' लिहिलं असेल तर सही करू नका. 'पेडल वर येत नाही, फ्लुइड गळती' असं लिहून घ्या. पेडलचा व्हिडिओ काढा, काढलेला पार्ट बघायला मागा. नकार आला तर पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाखाली, हे ई-मेलवर विचारा. तोंडी नकार देणाऱ्यांची बरीच पंचाईत इथेच होते.

तरीही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. मुदत दोन वर्षांची. तिथे दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो, त्यामुळे जुना पार्ट भंगारात जाऊ देऊ नका.

काकांचं जॉब कार्ड दुसऱ्या दिवशी नव्याने लिहिलं गेलं. स्लेव्ह सिलिंडर आणि मजुरी वॉरंटीत झाली. फ्लुइड लागलेल्या प्लेटचे पैसे त्यांनी 'निषेधासह' असं बिलावर लिहून भरलेत. कंपनीला ई-मेल गेलाय, उत्तर यायचंय.