माझ्या हाती सुरू होणारी गाडी

यंत्रातला कायमचा बिघाड सोसणे त्या मानाने सोपे, कारण तो सर्वांना दिसतो. अधूनमधून डोके वर काढणारा बिघाड मात्र तो सांगणाऱ्यालाच खोटे पाडतो.

गेल्या वर्षी आमची गाडी पत्नीच्या हाती कधीकधी सुरूच होईना. किल्ली फिरवली की 'टक्' असा एकच आवाज, आणि मग शांतता. माझ्या हाती ती रोज सकाळी बिनतक्रार सुरू होई. 'किल्ली पुरती फिरवली नसशील', असे मी दोनदा म्हणालो. तिसऱ्या खेपेस ती रात्री अकराच्या सुमारास रुग्णालयाच्या आवारात अडकली. तिची आई आत दाखल होती. त्या वेळी मी बोललो नाही, पण मनात तेच होते.

गॅरेजातही निराळे घडले नाही. तिथे गाडी पहिल्याच फटक्यात सुरू होई. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने सेल्फ. दोन्ही वेळा काही दिवस बरे गेले. (अधूनमधूनच्या बिघाडात काही दिवस बरे जायचेच, त्यालाच आपण गुण आला म्हणतो.) सुटे भाग बदलत जाणे म्हणजे निदान, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही.

वास्तविक हा बिघाड ओहमच्या नियमाइतका साधा असू शकतो. इंजिन फिरवताना सेल्फ साधारणपणे शे-दोनशे अँपिअर प्रवाह ओढतो. त्या वाटेत कुठे ०.०२ ओहम एवढा क्षुल्लक रोध शिरला, तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. हा रोध साध्या मल्टिमीटरला धड दिसतही नाही, कारण त्याच्या स्वतःच्या तारांचा रोध याहून जास्त असतो. म्हणजे गाडी उभी असताना तार तपासली तर ती निर्दोष ठरते. खोट कळते ती भार आल्यावरच. सेल्फ मारत असताना बॅटरीची ऋण बाजू आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये किती व्होल्ट पडतात, हे पाहावे लागते. ते अर्ध्या व्होल्टहून अधिक भरले, तर परतीची वाट संशयास्पद समजावी.

ही तपासणी अवघड नाही, पण बिघाड प्रकट होईपर्यंत थांबावे लागते आणि या थांबण्याचे पैसे कोणी देत नाही. यात एकट्या मेकॅनिकला दोष देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. नव्या बॅटरीचे हजारो रुपये आपण निमूट मोजतो, आणि 'नुसते पाहिले' याचे दोनशे मागितले तर हुज्जत घालतो. मग त्याने विचार विकावा की बॅटरी?

तिसरा होता एक वयस्क इलेक्ट्रिशियन. बॉनेट उघडण्याआधी त्याने विचारले, "बंद पडते तेव्हा गाडी कोण चालवत असतं?" त्याची नजर माझ्याकडे होती, उत्तर पत्नीने दिले. पाऊण तास गाडी चालवून थांबवली, दहा मिनिटांत पुन्हा किल्ली फिरवली की असे होते, थंड असताना कधीच नाही. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते. मीच कधी विचारले नव्हते.

त्याने तिलाच गाडी चालवायला सांगितले आणि स्वतः शेजारी बसला. परत आल्यावर तारा जोडून दहा मिनिटे थांबला. तिसऱ्या प्रयत्नाला 'टक्' झाले, काट्यावर २.८ व्होल्ट. इंजिनाला जोडलेली अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजून पांढुरकी-हिरवी पडली होती. इंजिन तापले की तो सैल सांधा साथ सोडत असावा.

पट्टीचे आणि बसवण्याचे मिळून त्याने जे मागितले, ते बॅटरीच्या दहाव्या हिश्शाइतकेही नव्हते. फेरीचा आणि थांबण्याचा वेळ किती लावायचा, असे पत्नीने विचारले. तो हसला, ते बिलात कुठे लिहितात, हेच त्याला ठाऊक नव्हते.